वावडं

जुलै २०२४ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, माझं दूध बंद झालं. ज्याचं बालपण सांगलीत गेलं, नोकरीची निम्मी वर्षं कृष्णाकाठच्या शाखांमध्ये म्हशींसाठी कर्जं मंजूर करण्यात गेली आणि निवृत्तीनंतर ज्यानं घर केलं ते साताऱ्यात, म्हणजे कंदी पेढ्यांच्या गावात, त्याचं दूध बंद होणं ही काही साधी घटना नव्हे. भिलवडीला चितळ्यांनी १९३९ मध्ये दुधाचा व्यवसाय सुरू केला. पुढे सहकारी संघ आले आणि आमच्या भागात दूध हे नुसतं अन्न राहिलं नाही. ते दहा दिवसांचं बिल, मुलांची फी आणि बँकेच्या हप्त्याची हमी होऊन बसलं. "दूध घालता का?" हा प्रश्न मी कर्जदारांना जितक्या वेळा विचारला असेल, तितक्या वेळा "बरं आहे ना?" असंही विचारलं नसेल.

कारण मात्र अगदीच गद्य होतं. सकाळी पेलाभर दूध पोटात गेलं की दहाच्या सुमाराला पोटात नगारखाना सुरू व्हायचा. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "या वयात दुधातली साखर पचेनाशी होते. दोन आठवडे बंद करून बघा." दोन आठवडे, हे त्यांचे शब्द. पण आयुष्यभर खाती बंद करत आलेल्या माणसाला 'तात्पुरतं बंद' ही गोष्टच ठाऊक नसते. मी दूध बंद केलं ते कायमचं. पुण्याला मुलाला फोन करून तसं कळवलं आणि पुढच्याच शनिवारी सूनबाई सोयाबीनच्या दुधाचे बारा खोके घेऊन हजर झाल्या. "बाबा, आमच्याकडे आता हेच असतं." चवीचं म्हणाल तर मटारच्या शेंगा उकडलेल्या पाण्यात साखर घातल्यासारखं लागतं. पण तब्येतीसाठी घ्यायच्या वस्तूला चव नसावी, अशी आमच्या पिढीची श्रद्धाच आहे. मी घेऊ लागलो.

चौथ्या की पाचव्या दिवशी ओठ खाजले. मग टाळू. मग कानाच्या आत, जिथं बोट पोचत नाही अशा ठिकाणी. सूज नाही, पुरळ नाही, धाप नाही. अर्ध्या-पाऊण तासात सगळं आपोआप शांत. असल्या किरकोळ गोष्टीसाठी माणूस डॉक्टरकडे जात नाही, तो आरोपी शोधतो. पहिला आळ मी पानातल्या कातावर घेतला. मग नव्या दंतमंजनावर. पावसाळ्याचे दिवस असल्यानं कासच्या पठारावरून येणाऱ्या वाऱ्यावरही संशय गेला होता, पण जागतिक वारशात नोंदलेल्या फुलांवर किटाळ घ्यायला मन धजेना. सोयाबीनवर संशय गेला नाही तो नाहीच. ती औषधासारखी घेतलेली वस्तू. औषध कधी आरोपी असतं का?

तीन आठवड्यांनी मी जुन्या सवयीनं रोजकीर्द घातली. दोनशे पानी वही, डावीकडे काय खाल्लं, उजवीकडे काय झालं, मध्ये वेळ. बँकेत फरक निघाला की आम्ही माणसावर संशय घेत नसू, आधी नोंदी जुळवत असू. इथंही तसंच झालं. मधले दोन दिवस सांगलीला भावाकडे गेलो होतो, त्या दोन दिवसांचा उजवा रकाना कोरा. परत आलो, सकाळी पेला घेतला, बारा मिनिटांनी खाज. ताळा जुळला होता.

आणि मला हसू फुटलं. ते का, हे सांगायचं तर नव्वदच्या दशकात जावं लागेल. वाळवे तालुक्यातल्या एका शाखेत मी फील्ड ऑफिसर होतो. सोयाबीन तेव्हा आमच्याकडे पाय रोवत होतं. ऊस लावण्याआधी खरिपात निघणारं, रोख पैसा देणारं, जमिनीत नत्र सोडून जाणारं हे पीक. मी चावडीवर उभा राहून त्याची महती गात असे. प्रथिनं चाळीस टक्के, तेल वीस टक्के, गरिबाचं मांस वगैरे. एका सभेत मागं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "सायेब, तुमी खाता का?" सभा हसली. मीही हसलो आणि पीककर्जाच्या अर्जाकडे वळलो. खरं म्हणजे तेव्हा आमच्या भागात सोयाबीन कुणीच खात नव्हतं. ते पेरायचं, मळायचं आणि तेलाच्या गिरणीला घालायचं. म्हाताऱ्याला उत्तर द्यायला मला तीस वर्षं लागली, आणि ते उत्तर 'खाल्लं, पण सोसलं नाही' असं निघालं.

अर्थात या दाण्यापुढे हात टेकलेला मी पहिलाच नव्हे. गांधीजींनी १९१२ मध्ये आफ्रिकेत दूध सोडलं आणि त्याच्या जागी चालेल अशी वनस्पतीजन्य वस्तू ते पुढं किती तरी वर्षं शोधत राहिले. १९१८ च्या मोठ्या आजारपणानंतर त्यांना अखेर शेळीच्या दुधावर यावं लागलं. तरीही १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी सोयाबीन शिजवून रोजच्या जेवणात घेण्याचे प्रयोग चालवले आणि 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलं. शेळी मात्र सुटली नाही.

माझा शोध मी त्या संध्याकाळी घरात जाहीर केला. सौ. मेथी निवडत होती. मी वही उघडून तारीखवार वाचून दाखवलं. मुलाला फोन लावला, तो घाबरला. सूनबाईंनी तिकडून इंटरनेटवर वाचायला सुरुवात केली. धाकट्या भावानं सांगलीतल्या एका ॲलर्जीच्या डॉक्टरांची वेळ घेऊनच टाकली. अर्ध्या तासात चार घरं माझ्या ओठांसाठी हलली. हे सगळं शांत झाल्यावर सौ. मेथीची जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "कानात आत खाजतं तेव्हा जिभेनं टाळू खरवडला की जरा बरं वाटतं."

"तुला कसं माहीत?"

"वांग्यानं होतं ना मला."

ते मला माहीत होतं. म्हणजे, तिला वांगं आवडत नाही, हे मला माहीत होतं.

वाचकांपैकी जे आमच्या भागातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, कृष्णाकाठचं वांगं ही भाजी नाही, ती अस्मिता आहे. काटेरी देठाचं, पातळ सालीचं, शेंगदाण्याचा कूट घालून भरलं की लोण्यासारखं होणारं. १९८५ मध्ये लग्न होऊन ती कोरेगावकडून आमच्या सांगलीच्या घरात आली. तिच्या माहेरी घेवड्याचं कौतुक, आमच्याकडे वांग्याचं. पहिल्याच आठवड्यात आईनं खास तिच्यासाठी भरली वांगी केली. तिनं दोन घास खाल्ले आणि हळूच म्हणाली, "मला वांग्याचं वावडं आहे." आईनं ऐकलं ते असं, की नव्या सुनेला आमच्या घरचं चालत नाही. दोष काही एकट्या आईचा नाही. आपल्या भाषेनंच इथं गोंधळ करून ठेवला आहे. ज्यानं अंगावर पित्त उठतं तेही वावडं आणि जे नकोसं वाटतं तेही वावडं. 'त्याला कामाचं वावडं आहे' असं आपण म्हणतोच की. पुरुषानं सांगितलं तर त्यातला पहिला अर्थ घ्यायचा आणि सुनेनं सांगितलं तर दुसरा, हे कुठल्याही कोशात लिहिलेलं नाही, पण घराघरात पाळलं जातं. आई तिला वाढत राहिली. "चार दिवस खाल्लं की अंगवळणी पडतं." ती खात राहिली, आणि मग पदराआड ओठ पुसत राहिली. आई गेल्यावर तिनं स्वतः खाणं बंद केलं, पण मला आवडतात म्हणून चिरत मात्र राहिली. चिरतानाही बोटं चुणचुणतात, हे मला त्या मेथीच्या संध्याकाळी कळलं.

आणखी एक गोष्ट आहे. ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. माझ्या एका जुन्या कादंबरीत एक सून आहे. वांग्याची भाजी पानात पडली की ती तोंड वेंगाडते, ओठ चोळते, डोळ्यांत पाणी आणते आणि सासरा खोकला की निमूट खाते. प्रसंग विनोदी आहे. निदान मी तो विनोदी म्हणून लिहिला होता आणि वाचकांनी तसाच वाचला. २००८ मध्ये सांगलीला साहित्य संमेलन भरलं होतं तेव्हा पुस्तकांच्या गाळ्यांपाशी एका वाचकानं मला गाठून तो प्रसंग हावभावांसकट करून दाखवला होता. आम्ही दोघं खूप हसलो. सौ. शेजारी उभी होती. ती म्हणाली, "चहा घेऊ या का?"

ऑगस्टमध्ये आम्ही दोघं सांगलीला निघालो. पेठ नाका सोडून आष्ट्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना ऊस, आणि ऊस नसेल तिथं सोयाबीन. पीक फुलोऱ्यात आलेलं. फुलं इतकी बारीक, जांभळट, की गाडीतून दिसतही नाहीत. तुंग मागं टाकलं की कसबे डिग्रज येतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र इथंच आहे आणि फुले अग्रणी, फुले संगम, फुले किमया अशा सोयाबीनच्या जाती इथंच तयार झाल्या. संगमचा अधिकृत क्रमांक केडीएस ७२६, त्यातलं 'केडी' म्हणजे कसबे डिग्रज. महाराष्ट्रात लांबलांबच्या शेतांत हे आमच्या गावचं नाव पेरलं जातं. मला त्या केंद्राचा कोण अभिमान, आणि मी चाललो होतो त्यांच्या पिकाविरुद्ध साक्ष द्यायला.

डॉक्टर तरुण होते, ऐकून घेणारे होते. वही पाहून खूष झाले. त्यांनी पहिल्यांदा जे सांगितलं त्यानं मी ओशाळलो. दूध न पचणं आणि दुधाची ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी. पहिलीत दुधातली साखर फोडणारं पाचकद्रव्य वयानुसार कमी होतं. जगातल्या बहुसंख्य प्रौढांचं ते होतंच, त्यात आजार काही नाही. अशा माणसाला ताक, दही बहुधा चालतं, चहातलं दूधही चालतं, एकदम पेलाभर मात्र नको. "म्हणजे मला सोयाबीनच्या दुधाची गरजच नव्हती?" "चहापुरती तर नव्हतीच." बारा खोके! ॲलर्जी ही पोटाची नव्हे, शरीराच्या पहारेकऱ्यांची चूक. अन्नातलं एखादं निरुपद्रवी प्रथिन त्यांना शत्रू वाटतं. 'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या फॉन पिर्के नावाच्या बालरोगतज्ज्ञानं १९०६ मध्ये घडवला. रक्तातलं जे द्रव्य हा घोळ घालतं, ते आयजीई, १९६६ मध्ये इशिझाका या जपानी पतिपत्नींनी अमेरिकेत शोधून काढलं. माझ्या वयाला हे नव्यानं कसं उपटलं, असं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, की पहिल्या भेटीत काहीच होत नाही. आधी ओळख व्हावी लागते, वैर नंतर. बँकेतही थकबाकीदार पहिल्या दिवशी ओळखू येत नाही.

सोयाबीन मी आधी खाल्लं नव्हतं असंही नाही. कुठल्या कुठल्या लग्नात सोयाच्या वड्यांचा रस्सा खाल्ला होता. पण पेय ही चीज वेगळी. पेलाभर म्हणजे बरंचसं प्रथिन एका दमात, तेही ओठ, जीभ, टाळू भिजवत जाणारं. युरोपात बर्च नावाच्या झाडाच्या परागांचा त्रास असणाऱ्यांना सोयाबीनचं दूध पिऊन तोंडाला अशीच खाज सुटते, कारण त्या परागातलं आणि सोयाबीनमधलं एक प्रथिन जवळजवळ सारखं आहे. खूप शिजवलं, आंबवलं की ते प्रथिन मोडतं, म्हणून त्यातल्या काहींना सोयासॉस चालतो आणि दूध चालत नाही. शुद्ध केलेल्या सोयाबीन तेलात प्रथिन जवळपास उरतच नाही. आमच्या घरात दहा वर्षं तेच तेल आहे आणि त्यानं कधी तक्रार केलेली नाही.

मग तपासणी. खाजेची गोळी आधी काही दिवस बंद ठेवायला सांगितलं होतं. हाताच्या आतल्या बाजूला पेनानं खुणा करून एकेक थेंब ठेवतात, त्यातून सुईनं अगदी वरवर टोचतात आणि पंधरावीस मिनिटं थांबतात. थेंबांत एक नुसत्या मिठाच्या पाण्याचा आणि एक हमखास गांधी उठवणारा, तुलनेसाठी. माझा खरा जीव अडकला होता भुईमुगाच्या थेंबात. सोयाबीन आणि भुईमूग एकाच कुळातले. दुधाची साखर पचत नाही म्हणजे साताऱ्याच्या पेढ्यांवर मर्यादा आली, आता शेंगदाणा गेला तर सांगलीचं भडंगही गेलं. मग या दोन जिल्ह्यांत राहायचं तरी कशाला? वीस मिनिटांनी डॉक्टरांनी पट्टीनं मोजलं. सोयाबीनची गांधी चार मिलिमीटर. भुईमूग, कोरा. मी सुटकेचा नि:श्वास टाकला. त्यांनी बजावलं, की नुसती गांधी म्हणजे निदान नव्हे. कुळातल्या इतर डाळींची गांधी उठूनही त्या सुखानं खाणारे पुष्कळ असतात. गांधी आणि रोजकीर्द जुळली तरच खरं. माझी जुळली होती.

मी उठणार तोच सौ.नं पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं एक वांगं काढलं. ताजं, काटेरी देठाचं. "मी फोन केला होता," ती डॉक्टरांना म्हणाली. मला पत्ता नव्हता. गोळीचा तर प्रश्नच नव्हता, तिनं या खाजेसाठी कधी गोळी घेतलीच नव्हती. डॉक्टरांनी सुई आधी वांग्यात खुपसली, मग तिच्या हातावर. आम्ही बाकावर बसून राहिलो. काय बोलावं हे मला सुचेना. वीस मिनिटं तर फार दूरची गोष्ट, सात मिनिटांतच तिच्या हातावर पांढरट फुगवटा आणि भोवती लाली उठली. पट्टी लावली. सात मिलिमीटर. माझ्या जवळजवळ दुप्पट.

"किती दिवसांपासून होतं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकोणचाळीस वर्षं," ती म्हणाली. "म्हणजे लग्नाच्या आधीपासून. पण तेव्हा कुणी वाढायचं नाही."

डॉक्टरांना त्यात काही नवल वाटलं नाही. म्हैसूरच्या संशोधकांनी वांग्याच्या ॲलर्जीची रीतसर पाहणी केलेली आहे, असं ते म्हणाले. घरी येऊन मुलाकडून शोधून घेतलं. निबंध परदेशी वैद्यकीय नियतकालिकात छापलेला आहे आणि हा त्रास बायकांत जास्त आढळतो, असं त्याच्या शीर्षकातच म्हटलं आहे. प्रकाशनाचं वर्ष २००८. म्हणजे आम्ही सांगलीला पुस्तकांच्या गाळ्यापाशी हसत होतो ते.

आम्हा दोघांचा त्रास सौम्य, असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. सौम्य याचा अर्थ आज सौम्य. जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली किंवा चक्कर आली तर घरगुती उपाय करत न बसता तडक दवाखाना गाठायचा. तिथं ॲड्रेनलिनचं इंजेक्शनच कामाला येतं, खाजेची गोळी नव्हे. एवढं सोडलं तर पथ्य म्हणजे वाचन. २०२० च्या नियमांप्रमाणे बंद पाकिटावर सोयाबीन, दूध, शेंगदाणे, गहू वगैरे जिन्नस असल्याचं सांगणं बंधनकारक आहे. त्यामुळे बिस्किटं, पाव, पिठं, सगळ्यांच्या पाठी वाचणं हा माझा निवृत्तीतला नवा छंद झाला आहे. इतकी बारीक अक्षरं मी कर्जाच्या करारनाम्यांनंतर आत्ताच पाहतो आहे. सोयाबीनच्या खोक्यावर तर 'यात सोयाबीन आहे' असा इशाराही होता! त्याला 'दूध' म्हणायलाही २०२१ मध्ये सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणानं हरकत घेतली. नारळाच्या दुधाला मात्र मुभा आहे. वांग्याला पाकीट नाही, त्यामुळे त्याच्यावर काहीच लिहिलेलं नसतं.

सकाळचा चहा आता दोन चमचे दुधाचा होतो. उरलेले नऊ खोके सूनबाई परत घेऊन गेल्या. वांगी घरात येत नाहीत. 'तुमच्यापुरती करते' असं ती दोनदा म्हणाली, मी दोन्ही वेळा नको म्हणालो. तिसऱ्यांदा ती म्हणाली नाही. खोटं कशाला सांगू, मला वांग्याची आठवण येते.

त्या रोजकीर्दीत ती आल्या दिवशीच मी तिच्यासाठी एक पान काढलं, वर तिचं नाव लिहिलं. ती म्हणाली, "बँकेत असताना सगळ्या गावाची खाती उघडलीत." पुढं काही बोलली नाही. पानावर तिनं एकच ओळ लिहिली आहे, तीही पेन्सिलीनं. कादंबरीची नवी आवृत्ती काढायची असं प्रकाशक म्हणताहेत. त्या दोन पानांचं काय करायचं ते ठरलेलं नाही. तिला विचारलं तर म्हणते, "मला काय विचारता? तुमची कादंबरी."

दिवाळीला मुलगा-सून आले तेव्हा फळांची ताटली फिरत होती. पाच वर्षांच्या नातीनं अननसाची फोड चावली आणि परत ठेवली. "जिभेला टोचतंय." मी म्हणणार होतो, की अगं, अननस सगळ्यांनाच टोचतो. ते खरंही आहे. पण तोवर सौ.नं कपाटावरची वही काढून माझ्यासमोर ठेवली होती.

"लिहा," ती म्हणाली. "आणि तारीख घाला."